डाव्या कानाची यादी

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तेव्हा उजवा कान बसलेला होता. पाणी गेल्यावर बसतो तसा असेल, सुटेल आपोआप, म्हणून अख्खा दिवस तसाच काढला. संध्याकाळी फोन वाजला. सवयीने उजव्या कानाला लावला, तर पलीकडे कुणीच नाही. डाव्याला लावला तेव्हा कळलं, धाकटा भाऊ केव्हाचा विचारतोय, "ताई, ऐकू येतंय ना?"

तपासणीच्या छोट्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावून एकेक शब्द ऐकवतात आणि तो आपण परत म्हणायचा असतो. डाव्या कानाने मी सगळे शब्द बरोबर म्हटले. उजव्यात काहीतरी येत होतं, कागद टरकावल्यासारखं, पण त्यात शब्द नव्हता. "आवाज थोडाफार पोचतोय, शब्द पोचत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. आतल्या कानाचा अचानक आलेला बहिरेपणा. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. स्टेरॉइड वेळेत सुरू झाली तर काहींचा कान परत येतो. माझा नाही आला. त्याच्या जागी एक बारीक शिट्टी येऊन बसली, ती अजून आहे.

एक कान गेला की निम्मं ऐकू येत असेल, असं लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पण जाते ती दिशा. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित जोरात पोचतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असलेला तो फरक मेंदू मोजतो आणि आवाज कुठून आला ते ठरवतो. मोजायला दुसरा कानच नसेल तर सगळे आवाज एकाच ठिकाणाहून येतात. घरात कुणी हाक मारली की मी जागच्या जागी गोल फिरते. संगीताचंही तेच झालं. गाणारा समोर, तंबोरे मागे, तबला एका हाताला, अशी जी बैठक इतकी वर्षं डोक्यात मांडलेली होती ती उठली, आणि सगळे एका ठिपक्यावर येऊन उभे राहिले. आयुष्यभर जे गाणं उशाशी घेऊन झोपले, ते लावलं की पहिल्या आलापातच डोळे भरायचे, आणि ते गाण्यामुळे नव्हे. आठ महिने मी काहीही लावलं नाही.

यादीची कल्पना भावाची. तो म्हणाला, "ताई, जे तुला आधीपासून माहीत आहे ते ऐकूच नकोस. त्यात तुला फक्त काय गेलं तेच ऐकू येणार. आपण असं काहीतरी ऐकू जे तू दोन कानांनी कधी ऐकलंच नाहीस."

त्याचं हे म्हणणं मला इतकं पटलं की मी त्याच दिवशी हो म्हटलं. माझं सगळं ऐकणं हिंदुस्थानी गायकीतलं आणि मराठी गाण्यांतलं. पाश्चात्त्य जॅझ, रॉक, सोल हा त्याचा प्रांत. मी तिथे कधी पाऊलही टाकलं नव्हतं. त्याने पन्नास अल्बमची यादी केली. अशा याद्या करण्याचा तिकडे मोठा सोस आहे. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ मध्ये पाचशे श्रेष्ठ अल्बमची यादी केली तेव्हा बीटल्स या चौघांच्या इंग्रज बँडचा 'सार्जंट पेपर' पहिला होता. २०२० मध्ये नव्या परीक्षकांनी नव्याने मतं दिली, तेव्हा तो २४ व्या क्रमांकावर गेला आणि सहावा असलेला गायक मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला झाला. हे वाचून मला बरं वाटलं. सतरा वर्षांत लोकांचे कान बदलतात, तर माझ्या कानानेही आपला क्रम लावायला हरकत नाही.

नियम दोनच. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, ठेवलेल्या क्रमानेच ऐकायचा. आणि किमान दोनदा. अल्बम हा शब्द कुठून आला ते मला तेव्हाच कळलं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. लांब रचना असली की चार-पाच तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकत. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली, पुस्तक गेलं आणि नाव राहिलं. या वीस-बावीस मिनिटांचा हिशेब करून माणसं पुढे संगीत रचू लागली. आधी कुठलं गाणं, मग कुठलं, तबकडी उलटायला उठण्याआधी कानात काय ठेवून जायचं. आपल्याकडे मैफलीचा क्रम लावतात, तसंच.

सुरुवात बीटल्सच्या 'रबर सोल'ने केली, १९६५ चा. आणि सुरुवातच फसली. हेडफोन लावून बसले तर गिटार, बास, ड्रम सगळं स्वच्छ, आणि गाणारे बेपत्ता. भिंतीपलीकडच्या घरात कुणी गुणगुणतंय इतकंच. दोन गाणी मला वाटलं, हे असंच असेल. तिसऱ्याला मी हेडफोन काढून भावाकडे दिला. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. त्या काळी बहुतेक घरांत मोनोच यंत्रं होती, सगळा आवाज एकाच वाटेने देणारी; दोन बाजूंना वेगवेगळा आवाज देणारी स्टीरिओची आवृत्ती ही नंतर उरकायची गोष्ट. या अल्बमच्या जुन्या स्टीरिओ मांडणीत बहुतेक गाण्यांत गळे उजवीकडे आहेत आणि वाद्यं डावीकडे. माझा उजवा कान गेलेला. म्हणजे पुढे बरीच वर्षं जग ज्यांचे गळे ऐकत राहिलं, ते चौघे माझ्यापुरते मुके झाले होते.

त्या रात्री भावाने फोनच्या सेटिंगमध्ये खोलवर जाऊन एक बटण शोधलं. मोनो ऑडिओ. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन एकाच कानात येतो. आठ महिने ते बटण माझ्या हातातच होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. ज्यांचा एक कान गेलाय अशा कुणापर्यंत हे पोचत असेल तर कृपा करून आजच शोधा.

मग 'पेट साउंड्स'. बीच बॉइज या अमेरिकन बँडचा, मे १९६६ चा. भावाने तो मुद्दाम दुसरा ठेवला होता आणि कारण सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकताना मला प्रश्न पडला, हे कुठलं वाद्य? अकॉर्डियन आहे की ऑर्गन? सायकलची घंटी? एका ठिकाणी बासचा स्वर असा गोल येतो की तो तारेचा आहे की फुंकेचा तेही ठरवता येईना. दुसऱ्यांदा ऐकताना मी प्रश्न सोडून दिला. दोन-तीन वाद्यं एकच ओळ एकत्र वाजवतात आणि त्यातून चौथंच काहीतरी तयार होतं, ज्याला नाव नाही. उभा बास आणि विजेवरचा बास एकत्र. इथे काही वेगळं करायचंच नव्हतं, एकजीव करायचं होतं. शेवटचं गाणं संपतं तेव्हा आगगाडी जाते आणि दोन कुत्री भुंकत राहतात. मी हेडफोन काढला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला असं वाटलं की मी काहीतरी पूर्ण ऐकलं. काही निसटलेलं नाही.

तेव्हा भाऊ म्हणाला, "हे ज्याने केलं ना ताई, त्यालाही उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं."

ब्रायन विल्सन. लहानपणापासून उजवा कान जवळजवळ बहिरा. हे सगळं रचलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. स्टीरिओ म्हणजे काय ते त्याच्या कानाला ठाऊकच नव्हतं, म्हणून त्याने अल्बम मोनोत केला. खरी स्टीरिओ आवृत्ती निघायला पुढे तीस वर्षं लागली. म्हणजे मी जे ऐकलं होतं ते कमी करून, दाबून, माझ्या सोयीसाठी एका कानात कोंबलेलं नव्हतं. हे संगीत एका डाव्या कानासाठीच घडवलेलं होतं. मी खुर्चीतून उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. जून २०२५ मध्ये तो गेल्याची बातमी आली, तेव्हा ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याच्या भाषेतले निम्मे शब्द कळत नाहीत, अशा माणसासाठी मी घरातला कुणी गेल्यासारखी रडले.

'सार्जंट पेपर'बद्दल माझं मत फारसं लोकप्रिय होणार नाही. रंग खूप आहेत, कसब आहे, पण मधली काही गाणी मला सजावटीची वाटली. त्याच्या आदल्या वर्षीचा 'रिव्हॉल्व्हर' मला जास्त खरा वाटतो. 'सार्जंट पेपर'च्या मोनो मांडणीवर बीटल्सच्या त्या चौघांनी स्वतः बसून मेहनत घेतली होती आणि स्टीरिओ त्यांच्या मागे उरकलं गेलं, हे कळल्यावर तिसऱ्यांदाही ऐकला. मत बदललं नाही. पण शेवटच्या गाण्याचा शेवटचा स्वर मात्र माझ्या आयुष्यात कायमचा आला. अनेक पियानोंवर एकाच वेळी एक मोठा झंकार वाजवला आहे आणि तो चाळीस सेकंदांहून जास्त वेळ विरत जातो. तो विरेल तसतसा ध्वनिमुद्रकाने माइकचा आवाज वाढवत नेला, इतका की शेवटी खुर्चीची करकर ऐकू येते. मी डोळे मिटून त्या स्वराच्या मागे मागे गेले. तो बारीक होत गेला, आणखी बारीक, आणि मग एका क्षणी मला कळेना की मी पियानो ऐकतेय की माझ्या उजव्या कानातली शिट्टी. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले होते. त्या शिट्टीला मी इतके महिने शत्रू मानलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा ती एका सुराच्या शेजारी बसलेली मी ऐकली.

(त्या तबकडीवर सगळं संपल्यावर एक इतका उंच स्वर आहे की तो कुत्र्यांना ऐकू यावा म्हणून ठेवला होता म्हणतात. मला काहीच ऐकू आलं नाही. भावालाही नाही. शेजारी बसलेल्या माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने मात्र दोन्ही कानांवर हात ठेवले.)

काही अल्बमबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' इतका घोटीव आहे की कुठल्याही कानात तसाच पोचतो. कॅप्टन बीफहार्टचा 'ट्राउट मास्क रेप्लिका' मी एकदाच ऐकला, तोही दोन रात्रींत तोडून. माझा नियम तिथे मोडला. महिनोन्‌महिने एका घरात राहून त्या वादकांनी तालीम केली होती, म्हणजे तो गोंधळ ठरवून, घोटून केलेला आहे. मी आदराने बाजूला झाले. फ्लीटवूड मॅक या बँडचा 'रूमर्स' ऐकताना त्यातल्या मोडलेल्या जोडप्यांच्या कहाण्यांपेक्षा मला त्याच्या टेपची कहाणी लागली. गाण्यांवर थर चढवताना मूळ टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरवली की ती झिजली आणि वरचे, चकाकते स्वर आधी गेले. शेवटी बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीवरून ते वाचवावे लागले. माणसाच्या कानाचंही वयाबरोबर असंच होतं, वरचे स्वर आधी जातात.

'व्हॉट्स गोइंग ऑन'वर मात्र थांबायला हवं.

मार्व्हिन गेचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धात होता. तो परत आला, आणि त्याच्या नजरेने आपल्या देशाकडे पाहत हा अल्बम चालतो. १९७१ मध्ये आला तेव्हा त्याच्या कंपनीच्या मालकाला हे विकलं जाईल याची खात्री नव्हती. पहिल्या बाजूची गाणी एकमेकांत अशी ओघळतात की मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि ती नसावीच. पण मी सांगतेय ते आवाजाबद्दल. गेने शीर्षकगीत दोनदा गाऊन ठेवलं होतं, दोन वेगवेगळ्या ढंगांत, म्हणजे त्यातलं एक निवडता येईल. ते ऐकवताना ध्वनिमुद्रकाकडून दोन्ही एकाच वेळी वाजले. गेने ते ऐकलं आणि तसंच राहू दिलं. म्हणून तो स्वतःशीच गातो. एक जण ओळ म्हणतो, दुसरा किंचित मागून, किंचित वेगळी जागा घेत तीच म्हणतो. कधी एक सांत्वन करतो आणि दुसरा अजून रडतच असतो. आपल्याकडे गवयामागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य सूर भरतो ना, त्याची आठवण झाली. फक्त इथे गुरू आणि शिष्य एकाच गळ्यातले.

माझ्या एका कानात हे दोन आवाज होते आणि ते मला वेगवेगळे ऐकू येत होते. मी दहा-बारा वेळा ते गाणं ऐकून खात्री केली. दिशा नसताना, जागा नसताना, फक्त सुराच्या पोतावरून आणि वेळेच्या फरकावरून माझा मेंदू दोघांना ओळखत होता. तोपर्यंत मला वाटत होतं की ती एका ठिपक्यावरची गर्दी कायमची. तर नाही. गर्दीतही माणसं ओळखता येतात, वेळ द्यावा लागतो. त्यानंतर मी घरातल्या जेवणाच्या टेबलावरही पुन्हा बसू लागले, जिथे चार जण एकदम बोलायला लागले की मी पूर्वी उठून जायचे.

यादीत दोन वादकांचे अल्बम एकाच खोलीतले निघाले. न्यूयॉर्कमधला कोलंबिया कंपनीचा ३० व्या रस्त्यावरचा स्टुडिओ, पूर्वीचं एक चर्च. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं ध्वनिमुद्रण तिथे १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये दोन दिवसांत झालं. पियानोवादक ग्लेन गूल्डने जुन्या जर्मन संगीतकार बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' तिथेच १९५५ मध्ये वाजवली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि पुन्हा तिथेच १९८१ मध्ये. पहिल्याला ३८ मिनिटं लागली, दुसऱ्याला ५१. मधली सव्वीस वर्षं त्या तेरा मिनिटांत ऐकू येतात. गूल्ड वाजवताना गुणगुणतो, दोन्ही वेळा, आणि ते गुणगुणणं मला जवळ बसलेल्या माणसासारखं ऐकू येतं. दुसरी आवृत्ती आली आणि काही दिवसांतच तो गेला. पन्नाशी नुकतीच गाठली होती. शेवटी पहिलीच चाल परत येते, इतकी सावकाश, की प्रत्येक सूर ठेवून तो हात उचलून पाहतोय असं वाटतं. मी ती दोन्ही एकापाठोपाठ एकदाच ऐकली. पुन्हा धीर झाला नाही.

'काइंड ऑफ ब्लू' हा त्या यादीत माझ्या जुन्या कानाला सगळ्यात ओळखीचा वाटला. जॅझमध्ये हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, भराभर बदलतात आणि वादक त्यांच्यामागे धावतो, असं माझं मत होतं. इथे डेव्हिसने ते काढून टाकलंय. थोड्या सुरांची एक पट्टी घ्यायची आणि तिच्यात रेंगाळायचं. रागात राहण्याची सवय असलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. पियानोवादक बिल इव्हान्सने मुखपृष्ठामागच्या टिपणात जपानी चित्रकलेचं उदाहरण दिलंय, कागद इतका पातळ की कुंचला अडखळला तर तो फाटेल, आणि खोडायची सोय नाही. आणि गंमत अशी की त्या मार्चच्या दिवशी यंत्र किंचित मंद चाललं होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर मूळ स्वरापेक्षा जराशी चढी गेली. तीस वर्षांहून जास्त काळ जगाने ती चढीच ऐकली, चढीवरच प्रेम केलं. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून ती दुरुस्त झाली. मी दोन्ही ऐकल्या. दुरुस्त केलेली बरोबर आहे. पण चढ्या आवृत्तीवर वाढलेल्या लोकांना ती बरोबर वाटायला किती दिवस लागले असतील, हे माझ्याइतकं कुणाला कळेल!

हरलेलंही सांगते. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' माझा नाही होऊ शकत. १९७३ चा हा अल्बम जागेतच रचलेला आहे. पावलं धावत एका बाजूकडून दुसरीकडे जातात, घड्याळं सगळीकडून वाजतात, गल्ल्याचा खणखणाट बाजू बदलत राहतो. मोनोत ते सगळं एका जागी धप्पकन पडतं. भाऊ समोर बसला आणि दोन्ही कानांनी ऐकत हवेत हात फिरवू लागला. आता इथून, आता तिकडे. मी त्याचा हात पाहत राहिले. नकाशा वाचून गाव पाहिल्यासारखं होतं ते. पण पहिली बाजू संपताना एक बाई शब्दांशिवाय गाते, क्लेअर टोरी नावाची, आणि तिच्यासाठी दिशा लागत नाही. तिला एका रविवारी संध्याकाळी तीस पाउंड देऊन बोलावलं होतं. गाऊन झाल्यावर आपण फारच वाहवलो असं वाटून तिने माफी मागितली होती. आलाप म्हणावा की आक्रोश, मला ठरवता येत नाही. त्या चार-पाच मिनिटांसाठी मी त्या अल्बमची आहे.

जोनी मिचेलचा 'ब्लू' आणि निक ड्रेकचा 'पिंक मून' मला एका आठवड्यात ऐकायला मिळाले. दोन्हींत बहुतेक माणूस आणि वाद्य, बाकी जवळजवळ रिकामं. लहानपणी पोलिओ झाल्याने मिचेलचा डावा हात कमजोर राहिला, नेहमीचे बोटांचे आकार जमेनात, म्हणून तिने गिटारच्या तारा स्वतःच्या सोयीने वेगळ्या लावून घेतल्या. त्यातून जे स्वरसमूह आले ते दुसऱ्या कुणाचे नाहीत. 'पिंक मून' अठ्ठावीस मिनिटांचा आहे, दोन रात्रींत झालेला, गिटार आणि गळ्यावर मागाहून घातलेला फक्त एक छोटा पियानो. ड्रेक सव्विसाव्या वर्षी गेला तेव्हा त्याला ऐकणारे मोजकेच होते. हा अल्बम मी मोठ्या आवाजात लावूच शकत नाही. डाव्या कानाशी कुणी तोंड आणून बोलावं तसा तो आहे. मला वाटतं दोन कान असलेली माणसंही तो एकाच कानाने ऐकत असतील.

शेवटचा होता जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ ला एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला, तेहेतीस मिनिटं, चार भाग. पहिल्या भागात चार सुरांचं एक वाक्य सॅक्सोफोनवर येतं आणि कोल्ट्रेन ते बाराही स्वरांवरून फिरवून आणतो, मग तेच वाक्य आवाजाने म्हणतो, पुन्हा पुन्हा, नामजपासारखं. चौथ्या भागाला मला ताल सापडेना. एल्विन जोन्सचे ड्रम मागे गडगडत राहतात आणि सॅक्सोफोन मध्येच थांबतो, एकाच सुरावर बराच वेळ अडून राहतो, खाली उतरतो. गाणं म्हणावं तर चाल नाही. भाऊ म्हणाला, "थांब," आणि आत जाऊन एक कागद घेऊन आला. तबकडीच्या वेष्टनात कोल्ट्रेनने एक प्रार्थना छापली होती, स्वतः लिहिलेली. चौथा भाग म्हणजे ती प्रार्थना, अक्षर अन् अक्षर, सॅक्सोफोनने म्हटलेली.

त्याने तो भाग पुन्हा लावला आणि कागदावरच्या ओळींखालून बोट फिरवू लागला. मी बोटामागे वाचत गेले. पहिल्या दोन ओळी काही जुळेना. तिसऱ्या-चौथ्या ओळीला तीन अक्षरांचा एक छोटा बोल आला आणि सॅक्सोफोनने ती तीनच अक्षरं म्हटली, जिथे माणूस दाबून म्हणेल तिथे दाबून, जिथे सोडेल तिथे सोडून. मग मात्र मला सगळं ऐकू येऊ लागलं. स्वल्पविरामसुद्धा. अर्ध्यावर मी डोळे मिटले, तरी शब्द पोचत होते.

तपासणीच्या त्या खोलीत माझ्या उजव्या कानात आवाज येत होता आणि त्यात शब्द नव्हता. इथे डाव्या कानात एक वाद्य होतं, शब्द उच्चारण्याची ज्याला सोयच नाही, आणि त्यात शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं. भावाचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. तो काही बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणं मी कधीच विसरणार नाही.

यादी संपली त्या रात्री तो निघायच्या तयारीत होता. मी म्हटलं, "थांब ना जरा, 'रबर सोल' पुन्हा लावू." मोनोचं बटण मी बंद केलं. जुना वायरचा इअरफोन काढला, डावा स्वतःच्या कानात घातला आणि उजवा त्याच्या हातात दिला. सोफ्यावर तो माझ्या उजव्या बाजूला बसला, जिकडे मला काहीच नाही. गाणं सुरू झालं. माझ्याकडे गिटार, बास आणि ड्रम. त्याच्याकडे फक्त गळे. दोन ओळी झाल्यावर तो हलकेच गुणगुणायला लागला. त्याचा सूर पहिल्यापासूनच जरा पडतो. मी ताल धरला. कडवं संपेपर्यंत त्याला शब्द आठवले होते, आणि मी मान वळवून माझा डावा कान त्याच्या तोंडाजवळ नेला.